कोल्हापूरच्या महाद्वार रोडची लाल हिशेबाची वही, कॅनडातल्या घरखर्चासाठी वापरलेली : रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक मार्क कापलाय तो कागदासाठी, वहीच्या आखणीला पैकीच्या पैकी. ज्यांना एवढंच पाहिजे होतं त्यांनी इथनंच परत जावा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण हे लांबणार आहे.

वही म्हणजे आपली नेहमीचीच, व्यापारी लोक दिवाळीत पूजेला मांडतात ती. लाल कापडी बांधणी, उभी लांबडी, दोऱ्यानं शिवलेली, पहिल्या पानावर श्री. पान उघडलं की डावीकडं जमा म्हणजे आलेलं, उजवीकडं नावे म्हणजे गेलेलं, आणि दोन्हीकडं तारीख, तपशील, खाते पान, रुपये, पैसे असे रकाने. महाद्वार रोडवरनं पापाच्या तिकटीकडं जाताना आतल्या अंगाला जुनं स्टेशनरीचं दुकान आहे, बोर्डावरचं नाव अर्धं पुसलंय, बाहेर दोरीला पावतीपुस्तकं आणि प्लॅस्टिक कव्हरचे रोल टांगलेले असतात, तिथं मिळते. दोन क्वायरची (म्हणजे दोन दस्त्यांची) वही २४० रुपयांना. गाडी बिंदू चौकात लावून चालत जा, आत गाडी घालायच्या भानगडीत पडू नका.

आम्ही ब्रॅम्प्टनला असतो, टोरांटोच्या बाजूला. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, दोन पोरं, डोक्यावर घराचं कर्ज, आणि इकडं रंकाळ्याजवळ सासू-सासरे. सुट्टीला आलो की चपला, कांदा-लसूण मसाला आणि ही वही एवढं बॅगेत ठरलेलं. तिकडच्या ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं की बाई डॉलरचा हिशेब असल्या वहीत कसा काय ठेवतेस, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

दुकानातल्या काकांना मी मुद्दाम पैशाचा रकाना असलेलीच वही मागितली. ते म्हणाले, "ताई, पैशाचा रकाना आता कोण वापरतंय, आमच्याकडं जुना ब्लॉक आहे म्हणून छापतोय आपलं." मी म्हटलं काका मला लागतोय, तर चष्म्यावरनं बघायला लागले. आता खरी गोष्ट अशी की आपल्याकडं पैसे गेले पण कॅनडात सेंट जिवंत आहेत. एक सेंटचं नाणं २०१३ मध्ये बंद केलं, त्यामुळं रोख दिलं तर बिल जवळच्या पाच सेंटला गोल होतं, पण कार्डानं दिलं तर एक-एक सेंट मोजून घेतात. म्हणजे ४३.८७ डॉलरची भाजी रोखीनं ४३.८५ ला आणि कार्डानं ४३.८७ लाच. दोन सेंटनं कोण श्रीमंत होत नाही, पण वहीत रकाना नसला की ताळा जुळत नाही आणि ताळा नाही जुळला की माझं डोकं फिरतं.

ॲप का नाही, हे सगळेच विचारतात. मिंट नावाचं फुकटातलं ॲप लई चालायचं तिकडं, २०२४ ला ते बंदच झालं. बाकीची जी आहेत त्यातली बरीच बँकेचा लॉगिन-पासवर्ड मागतात, आणि पासवर्ड तिसऱ्याला दिला तर पुढं काही फसवणूक झाली की बँक हात वर करू शकते, तसं त्यांच्या अटींतच असतं. पण मला ॲप न आवडायचं कारण वेगळंय. ॲप खर्च झाल्यावर रंगीत गोल काढून दाखवतं, इतके टक्के बाहेर खाण्यावर, तितके टक्के कपड्यावर. बघितलं, अरेरे म्हटलं, फोन खिशात. वहीत हातानं लिहावं लागतं आणि मुख्य म्हणजे आरंभी शिल्लक आणि अखेर शिल्लक लिहावी लागते, तिथं पळवाट नाही.

आता या वहीचा खरा फायदा कुठं होतो ते सांगते. तिकडं पगार बहुतेक ठिकाणी दर दोन आठवड्यांनी होतो, शुक्रवारी. वर्षाला २६ पगार. आपण इकडनं गेलेली माणसं महिन्याच्या हिशेबानं विचार करणारी, एक तारखेला पगार आणि एक तारखेला किराणा. तर लोक काय करतात, वर्षाचा पगार भागिले बारा करतात आणि तेवढा दरमहा येणार असं धरून घरभाडं नाहीतर हप्ता ठरवतात. पण प्रत्यक्षात वर्षातले दहा महिने दोनच पगार येतात आणि फक्त दोन महिन्यांत तीन येतात. त्या दहा महिन्यांत ओढाताण, क्रेडिट कार्डावर थोडं थोडं साठत जातं, आणि तिसरा पगार आला की वाटतं अरे वा एक्स्ट्रा पैसे आले, मग नायगाराला जाऊन येऊया. ते एक्स्ट्रा नसतात हो, आधीच्या महिन्यांचेच असतात.

म्हणून मी वहीत महिना धरतच नाही. एक पगार, एक पान. शुक्रवारी पगार जमा झाला की नवीन पान, वर तारीख, आरंभी शिल्लक मागच्या पानावरनं ओढायची, आणि पुढच्या पगाराच्या आदल्या दिवसापर्यंत जे जे जाणार ते पेन्सिलनं आधीच नावे बाजूला लिहून ठेवायचं. हप्ता, गाडीचा विमा, फोन, इंटरनेट, हायड्रो म्हणजे तिकडं लाईटबिलाला म्हणतात ते. प्रत्यक्ष गेलं की पेननं गिरवायचं. पान उघडं टाकलं की नवऱ्याला पण दिसतं की पुढच्या पगारापर्यंत हातात काय आहे, मला विचारायला लागत नाही आणि मला सांगायला लागत नाही, यानं आमची निम्मी भांडणं कमी झाली असं म्हटलं तरी चालेल. (उरलेली निम्मी थर्मोस्टॅटवरनं होतात, त्याला वही काय करणार.)

पगाराच्या नोंदीत मी हातात आलेला आकडा लिहिते आणि तपशिलात बारीक अक्षरात कापलेलं पण लिहिते. सीपीपी म्हणजे त्यांची पेन्शन, ईआय म्हणजे नोकरी गेली तर मिळणारा विमा, आणि टॅक्स. हे लिहिल्यामुळं एक कळतं. सीपीपी आणि ईआयला वर्षाची कमाल मर्यादा असते, ज्यांचा पगार बरा आहे त्यांची ती वर्ष संपायच्या आधीच भरते आणि मग कापणं थांबतं, त्यामुळं वर्षाच्या शेवटी पगार वाढल्यासारखा दिसतो. जानेवारीत परत कापायला सुरुवात. ज्यांनी नोव्हेंबरचा पगार बघून नवीन गाडीचा हप्ता घेतला त्यांची जानेवारीत कशी तारांबळ उडते ते आमच्या गल्लीत बघितलंय.

दोन आठवड्यांच्या पानाचा दुसरा उपयोग घराच्या हप्त्याला. बँक विचारते हप्ता महिन्याला, दोन आठवड्याला, की ॲक्सेलरेटेड दोन आठवड्याला. ऐकायला सगळं सारखंच वाटतं. समजा महिन्याचा हप्ता २,६०० डॉलर आहे. साधा दोन आठवड्यांचा म्हणजे वर्षाची रक्कम भागिले २६, तो येतो १,२००. ॲक्सेलरेटेड म्हणजे महिन्याच्या हप्त्याच्या सरळ निम्मं, १,३००, आणि असे २६ वेळा, म्हणजे वर्षाला तेरा महिन्यांचे हप्ते गेले. जास्तीचे २,६०० थेट मुद्दलातनं कमी होतात आणि कर्ज काही वर्षं लवकर फिटतं. साध्यात तुमची सोय होते एवढंच, ॲक्सेलरेटेडमध्ये खरंच व्याज वाचतं. कुठला घ्यायचा ते पानावर दर पगारामागं १०० डॉलर जास्त झेपतात का बघून ठरवायचं, बँकेतली पोरगी गोड बोलती म्हणून नाही.

क्रेडिट कार्डाची नोंद कशी करायची यावर माझं ठाम मत आहे. कार्ड घासलं त्या दिवशी नावे लिहायचं, बिल भरलं त्या दिवशी नाही. दुकानात कार्ड दिलं की पैसे गेले, विषय संपला. तिकडं कायद्यानं नवीन खरेदीला बिल निघाल्यापासनं कमीत कमी २१ दिवस बिनव्याजी मिळतात, पण ते बिल मुदतीत पूर्ण भरलं तरच कामाचे, आणि एकदा बाकी ठेवली की २० टक्क्यांच्या आसपास व्याज. बिलावर छापलेला मिनिमम आकडा दिसायला इवलासा असतो, त्याच्याकडं बघायचंच नाही. नवीन गेलेल्या माणसाला क्रेडिट स्कोअर बनवायला कार्ड लागतंच, तिकडं तो ३०० ते ९०० मध्ये मोजतात आणि भाड्यानं घर घ्यायला सुद्धा बघतात, त्यामुळं कार्ड नको असं मी म्हणत नाही. लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी वापरा, पूर्ण भरा, आणि त्याच दिवशी वहीत चढवा.

किराणा हा सगळ्यात गमतीचा भाग. पावती वहीत चिकटवायची नाही, त्यांचा कागद असा असतो की सहा महिन्यांत कोरा होतो, लिहूनच काढायचं. लिहिताना पावतीवर कुठल्या वस्तूला टॅक्स लागलाय ते बघायचं. ऑन्टारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, एचएसटी हा विक्रीवरचा टॅक्स १३ टक्के आहे पण साध्या किराण्याला तो नसतो, दूध, तांदूळ, डाळ, पीठ, भाजी, अंडी, मांस याला शून्य. चिप्स, कोल्ड्रिंक, चॉकलेट याला लागतो. आणि एक नियम तर असा आहे की डोनट सहापेक्षा कमी घेतले तर टॅक्स, सहा किंवा जास्त घेतले तर टॅक्स नाही, कारण सहाच्या आत असलं की ते बाहेरचं खाणं आणि सहा झाले की किराणा! आमच्या धाकट्याला हे कुठनंतरी कळलंय आणि आता तो टॅक्स वाचवायला सहा घेऊया म्हणतो. मी फक्त एवढंच करते की टॅक्सवाल्या वस्तूंपुढं टिंब देते. पान भरल्यावर टिंबं मोजली की कळतं या पंधरवड्यात किती अरबट-चरबट आलं घरात.

बाकी किराण्याबद्दल जास्त लिहीत नाही, फ्लायर बघा, दुसऱ्या दुकानाचा कमी भाव दाखवला की तोच भाव लावून देणारी दुकानं आहेत तिथं जावा, कॉस्टकोत जायचं तर लक्षात ठेवा की कॅनडात त्यांच्या दुकानात व्हिसा चालत नाही, मास्टरकार्ड नाहीतर डेबिट. आणि तिथं एका गाडीत तीनशे डॉलर कसे जातात हे कुणालाच आजपर्यंत समजलेलं नाही.

आता वहीची मागची बाजू. मी मागनं खतावणी करते, म्हणजे एका खात्याला एक पान. ही खरी कमाई आहे या वहीची, समोरच्या पानांपेक्षा जास्त.

पहिलं पान टीएफएसए. हे एक बचत खातं असतं ज्यातल्या वाढीवर टॅक्स लागत नाही, २००९ ला सुरू झालं. दरवर्षी मर्यादा ठरते, २०२४ ला ७,००० होती, २०२५ लाही तेवढीच. आता नेटवर सगळीकडं वाचायला मिळतं की २०२५ पर्यंतचे एकूण १,०२,००० डॉलर भरता येतात. ते कुणाला, तर जो २००९ पासनं तिथं राहतोय आणि तेव्हाच १८ चा होता त्याला. आपण ज्या वर्षी तिथले रहिवासी झालो त्या वर्षापासनंच आपली मोजणी. समजा कुणी २०२१ ला गेलं, तर २०२५ पर्यंत ६,०००, ६,०००, ६,५००, ७,००० आणि ७,००० मिळून ३२,५००. एवढंच. भारतातनं घर-जमीन विकून आलेले पैसे लाखाच्या हिशेबानं कुणी यात टाकले तर जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला एक टक्का दंड. आणि काढलेले पैसे परत भरायची जागा पुढच्या जानेवारीतच मिळते, मर्यादा शिल्लक नसताना त्याच वर्षी काढ-घाल केली तरी सापडता. सीआरएच्या म्हणजे त्यांच्या टॅक्स खात्याच्या साईटवर तुमची मर्यादा दिसते, पण बँकांनी मागच्या वर्षाचे आकडे कळवल्याशिवाय ती ताजी नसते. म्हणून आपली नोंद आपल्याकडं. भरले की एका बाजूला, काढले की दुसऱ्या बाजूला, तारखेसकट. रोजची नोंद आणि खात्याचं पान, किर्द-खतावणी म्हणतात ती हीच तर आहे.

दुसरं पान आरईएसपी, पोरांच्या शिक्षणाचं. यात वर्षाला एका पोरामागं २,५०० डॉलर भरले तर सरकार वरनं २० टक्के म्हणजे ५०० घालतं. एका पोराला सगळं मिळून ७,२०० पर्यंत. दुसरीकडं कुठं हातात आणून ५०० देतंय कोण? दर पगाराला साधारण ९६ डॉलर बाजूला काढले की वर्षाचे २,५०० होतात, मी ते पानाच्या पहिल्या ओळीलाच लिहिते, हप्त्याच्या पण आधी. एखादं वर्ष चुकलं तर मागचं भरून काढता येतं, पण एका वेळी एकच मागचं वर्ष, म्हणजे त्या वर्षी सरकारी वाटा जास्तीत जास्त १,०००. पोरगं पंधरा वर्षाचं झाल्यावर जाग आली तर मग सगळं काही मिळत नाही. आणि एक इशारा, प्लाझात नाहीतर देवळाच्या कार्यक्रमात टेबल मांडून जे ग्रुप प्लॅन विकतात त्यात सुरुवातीलाच एनरोलमेंट फी कापली जाते, मध्येच सोडलं तर ती गेली. बँकेत नुसतं फॅमिली प्लॅन आरईएसपी उघडायला असलं काही लागत नाही. विकणारा आपल्याच गावचा असला, मराठी बोलला, तरी फी आधी विचारा. उलट मराठी बोलला तर दोनदा विचारा!

तिसऱ्या पानावर सीसीबी आणि आरआरएसपी एकत्र आहे, हे बघून नवरा म्हणाला दोन वेगळी खाती एका पानावर कशी. तीच तर मजा आहे. सीसीबी म्हणजे पोरांसाठी सरकार दरमहा देतं ते, साधारण २० तारखेच्या आसपास येतं, त्याच्यावर टॅक्स नाही. जुलै २०२५ ते जून २०२६ साठी सहा वर्षांखालच्या पोराला वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ आणि सहा ते सतरा वयाच्याला ६,७४८ डॉलर. त्या काळासाठी कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न ३७,४८७ च्या वर गेलं की ते कमी व्हायला लागतं. आणि आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात, जे भरता ते त्या निव्वळ उत्पन्नातनं वजा होतं. दोन पोरं असतील आणि उत्पन्न त्या ३७,४८७ च्या वर पण ८१ हजारांच्या आत असेल तर हजार डॉलर आरआरएसपीत टाकल्यावर टॅक्स तर वाचतोच, वर पुढच्या जुलैपासनं सीसीबी पण वर्षाला १३५ डॉलरनं वाढतो. ८१ हजारांच्या वरच्यांना ५७. हे बँकेतला माणूस सांगत नाही, त्याच्यासमोर आरआरएसपीचा फॉर्म असतो, सीसीबीचा नसतो. एका पानावर लिहिलं म्हणूनच डोळ्यासमोर आलं. यासाठी एक अट मात्र पक्की, दोघांनीही दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत टॅक्स रिटर्न भरायचा, एकाची कमाई शून्य असली तरी. नाही भरला तर जुलैत सीसीबी थांबतो.

चौथं पान कोल्हापूर. याची शाई वेगळी ठेवलीये मी, हिरवी. इकडचे एफडी, एनआरओ, एनआरई (परदेशात राहणाऱ्यांची इकडची बँक खाती), सगळं. गावाकडच्या खूप जणांना वाटतं एनआरईचं व्याज टॅक्स फ्री म्हणजे विषय संपला. भारतात टॅक्स फ्री, बरोबर. पण कॅनडाचा रहिवासी जगभरातल्या कमाईवर तिकडं टॅक्स भरतो, त्यात हे व्याज आलं. एनआरओच्या व्याजावर इकडं ३० टक्के टीडीएस वर सेस कापतात, दोन देशांच्या करारानं व्याजावर १५ टक्क्यांपर्यंत आणता येतो, त्यासाठी तिकडचं रहिवासी सर्टिफिकेट आणि इकडचे फॉर्म लागतात, आणि इकडं भरलेल्याचं क्रेडिट तिकडं मिळतं. शिवाय बाहेरच्या देशातली मालमत्ता खरेदीच्या किमतीनं एक लाख कॅनडियन डॉलरच्या वर गेली, म्हणजे डॉलर साठ-पासष्ट रुपये धरला तर साठ-पासष्ट लाखांच्या वर, तर टी ११३५ नावाचा फॉर्म भरायला लागतो. स्वतःच्या वापराचं घर त्यात येत नाही, भाड्यानं दिलेला फ्लॅट येतो. उशीर झाला की दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत. नुसती माहिती द्यायची असते, त्याच्यावर वेगळा टॅक्स नाही, तरी लोक घाबरून लपवतात. पहिल्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी तुम्ही रहिवासी झालात त्या वर्षासाठी तो भरावा लागत नाही, तेवढी सवलत.

सासूबाईंना हे पान दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणजे आमच्या एफडीचा पण हिशेब तिकडच्या सरकारला द्यायचा?" म्हटलं नाही आई, तुमच्या नावावरची तुमची, त्याच्याशी त्यांना काय करायचंय, पण जिथं तुमच्या मुलाचं नाव पहिलं आहे आणि पैसे पण त्यानंच भरलेत ती त्याची. मग त्यांनी कपाटातनं पावत्या काढल्या आणि आम्ही दुपारभर कुणाचं नाव कुठं आहे तेच बघत बसलो. ज्यांचे आई-वडील इकडं आहेत त्यांनी सुट्टीत एवढं तरी करावंच, फोनवर हे होत नाही.

भिशीचं पण एक पान आहे. हो, ब्रॅम्प्टनला भिशी आहे, नाद नाही करायचा. पण बँकेतल्या ठेवीला तिकडं सीडीआयसीचं म्हणजे सरकारी ठेव विम्याचं संरक्षण असतं, एका बँकेत एका प्रकारच्या खात्याला एक लाख डॉलरपर्यंत, आणि भिशीला फक्त मैत्रिणींच्या शब्दाचं. म्हणून भिशीत तेवढेच टाकते जेवढे बुडाले तरी हप्ता चुकणार नाही.

वर्षातनं एकदा येणारे खर्च, प्रॉपर्टी टॅक्स, हिवाळ्याचे टायर, इकडची तिकिटं, याची बेरीज भागिले २६ करून दर पानावर नावे टाकते आणि वेगळ्या खात्यात ढकलते. टायरवरनं आठवलं, ऑन्टारियोत हिवाळी टायर बसवले तर विमा कंपनीला सवलत द्यावीच लागते, पण आपण कळवायला पाहिजे.

आता तक्रारी. कागद पातळ आहे, जेल पेन मागं उमटतं, दोन्ही बाजू वापरायच्या तर बॉलपेनच पाहिजे. मी काकांना म्हटलं जरा जाड कागदाची ठेवा की, म्हणाले व्यापाऱ्यांना चालतीय, तुमच्या एकटीसाठी काय छापू. बरोबरच आहे म्हणा. पानांना छापील नंबर नाहीत, खाते पानाचा रकाना छापलाय आणि नंबर मात्र आपण घालायचे, हे काय लॉजिक आहे देव जाणे. हिवाळ्यात घरात फर्नेसची हवा इतकी कोरडी असते की पाठीवरचं खळीचं कापड सुटायला लागतं, मी टेप लावलाय. वही हरवली, भिजली तर कॉपी नाही, म्हणून दर तिमाहीला मागच्या पानांचे फोटो काढून ठेवते, आणि टॅक्सचे कागद तर तसेही सहा वर्षं जपायचेच असतात. वही आपोआप बेरीज करत नाही, तारखेची आठवण करत नाही, शेअर-फंड वाल्यांना तर काहीच कामाची नाही. आणि नवऱ्याचं अक्षर सुधारत नाही, हा दोष वहीचा नाही पण नोंद करून ठेवते.

दुकानाबद्दल: काका तिरसट वाटतात पण वही उघडून, शिवण ओढून दाखवतात, घाई केली तर खवळतात. दुपारी बंद असतं. घासाघीस होत नाही. परदेशात कुरिअर करत नाहीत, मी विचारलं, इकडनं कोण जाणारं असेल त्याच्याकडं द्यायला लागतं.

घेताना चार क्वायरची घेऊ नका, वजन बॅगेत जातं आणि वर्षाला दोन क्वायर पुरून उरते. दिवाळीच्या तोंडावर सगळे आकार असतात, नंतर जे उरलं ते. तिकडचं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे, त्यामुळं दिवाळीत घेतलेली वही जानेवारीपर्यंत पूजेच्या कुंकवासकट तशीच कपाटात ठेवते आणि एक तारखेनंतरच्या पहिल्या पगाराला उघडते. आणि काकांना सांगताना "पैशाचा रकाना असलेली" हे स्पष्ट सांगा, नाहीतर नवीन ब्लॉकची काढून देतील.